नेपिअर आठ फूट, गव्हाण भरलेली, तरी दूध आणि एसएनएफ खाली

डिचोलीचा_गोठा

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. घरचा ट्रक खाणीवर होता. 2018 मध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या तेव्हा तो विकला आणि गाई घेतल्या. सध्या पाच संकरित आहेत, तीन जर्सी आणि दोन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन). चार दुधात, एक गाभण. शिवाय आईच्या हट्टापायी एक श्वेत कपिला, आपली गोव्याची गावठी गाय, आहे. ती हिशेबात धरू नका, बांधावरचं काय मिळेल त्यात ती खूश असते.

घरामागे 2000 चौ. मी. मरड, म्हणजे उंचावरची, जमीन आहे, जांभी तांबडी माती. त्यात बहुतेक को-4 नेपिअर (उंच वाढणारं संकरित चारागवत) आणि एका कोपऱ्यात गेल्या वर्षी लावलेलं ‘सुपर नेपिअर’. त्याच्या कांड्या फोनवरून मागवल्या होत्या, विकणाऱ्यानं 18 टक्के प्रोटीन सांगितलं होतं. मृगापासून गवत असं सुटलंय की आत माणूस शिरला तर दिसत नाही. एका बाजूनं कापत जातो, दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तिथलं आठ फूट झालेलं असतं. कुट्टी करून गाईमागे 35-40 किलो टाकतो. सरकी पेंड आणि गोळी पेंड नेहमीचीच.

तरीही जूनमध्ये 11 लिटरवर असलेल्या गाई आता 9 वर आल्या. सोसायटीत फॅट 4 च्या आसपास आहे, पण एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) 8.5 वरून 8.0 वर आलं आणि दर कापला जातोय. डॉक्टरांनी बघितलं, जंताचं औषधही झालं, आजार काही नाही म्हणाले.

उन्हाळ्यात उलट रड. विहीर मार्चपर्यंतच साथ देते, मग एप्रिल-मेमध्ये बेळगावहून येणारा पेंढा ते सांगतील त्या भावानं घ्यायचा.

प्रश्न असे: जात बदलू का? युरिया वाढवू का? घाटावरचा एक मित्र लसूणघास लाव म्हणतो, तो आपल्याकडे होतो का?

---

पेडणेकर77

भाऊ, चवथ जवळ आली की सगळ्यांचंच दूध कमी होतं, हाहा. गंमत सोडा. सरकी एक किलो वाढवा, दूध वर येईल. सुपर नेपिअर चांगलंच आहे, माझ्याकडे पण आहे. सगळं तेच लावून टाका.

---

सत्तरीचा_म्हातारा

डिचोलीकर बाब, उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. फॅट जाग्यावर आणि एसएनएफ खाली. फॅट चाऱ्यातल्या तंतूवर (फायबरवर) चालतं. तंतू कमी पडला असता तर आधी फॅट पडलं असतं. तुमच्या गाईंच्या पोटात तंतू भरपूर जातोय, प्रोटीन आणि ऊर्जा कमी जातेय. गव्हाण भरलेली दिसते आणि गाय अर्धपोटी असते. नोकरीत असताना गोठ्या-गोठ्यांतून हेच बघत आलो.

उद्या सकाळी गव्हाण झाडण्याआधी उरलेलं नीट बघा. पानं राहिलीत की खोडाचे तुकडे? माझी पैज तुकड्यांवर. बोटाएवढे जाड, एका टोकाला चावून सोडलेले, लाळ सुकून चिकट झालेले. एक उचलून नखानं दाबा. वेळेवर कापलेल्या खोडात नख रुततं आणि रस येतो. तुमच्यात रुतणार नाही. उभं चिरलंत तर बाहेर कडक साल आणि आत कोरडा पांढरा गर सुटेल. मग शेण बघा. चिमूटभर शेण चाळणीत धरून पाणी सोडा, लांब लांब धागे तसेच राहतील. ते गाईच्या अंगी लागलेले नाहीत, फक्त तुमच्या कुट्टी यंत्राचं वीजबिल वाढवून गेलेत.

नेपिअरची पहिली कापणी लावल्यापासून 75-80 दिवसांनी, त्यानंतर दर 45 दिवसांच्या आसपास. त्या वयाला चांगल्या खतपाण्याच्या नेपिअरमध्ये सुक्या भागावर 9-10 टक्के प्रोटीन सापडतं. तेच गवत 80-90 दिवसांचं झालं की 5-6 वर येतं. आणि चाऱ्यात साधारण 7 टक्क्यांच्या खाली प्रोटीन गेलं की पोटातल्या जंतूंनाच पुरत नाही. ते तंतू फोडायला मागे पडतात, पोट लवकर रिकामं होत नाही, म्हणून गाय खातेही कमी. पेडणेकर, तुम्ही सांगता ती सरकी हे झाकून टाकेल, पण पैसे कोणाच्या खिशातून? बाहेर पाऊस पडतोय, गवत फुकट वाढतंय आणि आपण पेंडीची पोती आणायची, हे मला तरी पटत नाही.

जातीचं बोलायचं तर को-4 कोईमतूरच्या विद्यापीठाची, 2008 ची. आता को-5 आहे. धारवाडची डीएचएन-6 आहे, राहुरीची फुले जयवंत आहे. सगळ्या चांगल्या. सुपर नेपिअर म्हणजे थायलंडची पाकचाँग, तीही वाईट नाही. पण 18 टक्के प्रोटीन हा आकडा जातीचा नसतोच, तो कुठल्या दिवशी कापलं आणि किती नत्र (नायट्रोजन) दिलं याचा असतो. आठ फुटांच्या सुपरपेक्षा चार-साडेचार फुटांचं साधं को-4 गाईला जास्त देऊन जातं. तुमच्याकडे दोन्ही आहेत, एकाच वयाचं दोन्ही कापून शेजारी शेजारी टाका आणि गाय काय उरवते ते बघा. एवढं केल्याशिवाय जात बदलायला पैसे घालू नका.

आता हिशेब. पुस्तकात को-4 चं उत्पन्न हेक्टरी 375-400 टन लिहिलेलं असतं. ते बारमाही पाणी, भारी माती आणि पूर्ण खत यांचं. आपल्या मरडावर त्याच्या निम्मं आलं तरी शेतकऱ्यानं खूश व्हावं. मी एका कापणीला चौ. मीटरला 3 किलो धरतो. पाच गाईंना प्रत्येकी 25 किलो म्हणजे रोज 125. त्याला 42-45 चौ. मी. रोज कापायला लागतील. 2000 ला 45 नं भागा, बरोबर 45 दिवसांचा फेरा बसतो. म्हणजे जमीन तुम्हाला पावसात पुरेशी आहे, फक्त सगळं गवत एकाच वयाचं आहे.

दोरी लावून नऊ पट्टे पाडा. एक पट्टा पाच दिवसांचा. पण आज सगळंच जून झालंय, तर फेरा सुरू कसा करायचा? रोजच्या कापणीबरोबर दर पाच दिवसांनी एक पट्टा वेगळा आडवा करा. त्यातलं वरचं पानाळ गाभण गाईला आणि कपिलेला, खालची खोडं शेणखड्यात किंवा माडांच्या आळ्यात. जीव तुटेल, मला माहीत आहे. पण ते उभं ठेवून कोणाचं पोट भरत नाही आणि खाली दबलेले नवे फुटवे मरतात.

कापताना जमिनीपासून वीतभर, 10-15 सेंमी, बुडखा सोडा. पावसात जमिनीलगत कापलं की बुडख्यात पाणी साचून ठोंब कुजतो. पुढल्या वर्षी खाडे पडतात आणि मग लोक म्हणतात जात खराब. कोयती धारदार हवी, बुडखा चिरफाळता कामा नये.

युरियाबद्दल. प्रत्येक कापणीनंतर 1000 चौ. मी. ला 8-10 किलो, दोन ओळींच्या मध्ये. जुलैच्या धो धो पावसात टाकलात तर तो नदीला दिलात असं समजा. उघडीप बघून टाका. टाकल्यावर तीन-चार आठवडे ते गवत कापू नका, कोवळ्यात नायट्रेट साठतं आणि ते गाईच्या जिवावर येतं. गोठ्याचं धुणं पाटानं गवताला जातं का? जात नसेल तर आधी ते करा, त्यासारखं खत नाही. आणि पालाश (पोटॅश) विसरू नका. नेपिअर पालाश खूप ओढतं आणि आपल्या जांभ्या मातीतून पावसानं ते धुऊन जातं. खालच्या जुन्या पानांच्या कडा करपल्यासारख्या दिसत असतील तर तेच. शेणखताबरोबर म्युरेट ऑफ पोटॅश द्या.

चुना वेगळा विषय. आपली माती आंबट, सामू (पीएच) 5-5.5. त्यात स्फुरद (फॉस्फरस) टाकलं तर लोह आणि ॲल्युमिनियम धरून बसतात. 1000 चौ. मी. ला 200 किलोपर्यंत शेतीचा चुना किंवा डोलोमाइट लागतो, पण आकडा माती तपासून घ्या, माझ्या शब्दावर नको. चुना आणि शेणखत-युरिया एकाच वेळी घालू नका, नत्र हवेत उडून जातं. दोन-तीन आठवडे मध्ये जाऊ द्या.

लसूणघास: मित्राला नमस्कार सांगा. त्याला सामू 6.5 च्या वर लागतो आणि मुळाशी पाणी थांबलेलं चालत नाही. आपल्या 3000 मिलिमीटर पावसात ते पैसे बुडवणं आहे. तमिळनाडूत तीन ओळी नेपिअर आणि एक ओळ दशरथ घास (शेंगवर्गीय चारा) असं लावतात. दशरथही चुना दिल्याशिवाय आपल्याकडे रमत नाही, सुबाभूळ तेच. आंबट मातीत जे आपोआप येतं ते घ्या: उतारावर स्टायलो (हाही शेंगवर्गीय चारा), कुंपणाला गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया).

आणि अळसांदे (आपली चवळी)! सरद, म्हणजे पावसाळी, भात कापलं की ओलीवर आपण अळसांदे टाकतोच, दाण्यासाठी. शेताचा एक तुकडा चाऱ्याचा ठेवा. ईसी-4216, यूपीसी-5286, राहुरीची श्वेता या चाऱ्याच्या चवळ्या आहेत. फुलावर येऊन शेंगा धरायला लागल्या की कापा. प्रोटीन 16-18 टक्के, आणि पुढच्या पिकाला नत्र राहतं ते वेगळं.

अजून एक. नेपिअरमध्ये ऑक्झलेट असतं, कोवळ्यात जास्त. ते कॅल्शियम बांधून ठेवतं. म्हणून मी 45 म्हणतो त्याचं 25 करू नका, आणि खनिज मिश्रण गाईमागे 50 ग्रॅम रोज चालू ठेवा. गाभण गाईचं तर चुकवूच नका. व्याल्यावर आडवी पडली की मग रात्री डॉक्टरांना फोन.

---

कुळागरातली_वैनी

काकांनी बरंच लिहिलं, मी फोंड्याकडून थोडं जोडते. आमच्याकडे उघडी जमीन नाहीच, सगळं कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग. माडा-पोफळींच्या सावलीत नेपिअर लांबट आणि पिवळं होतं, गिनी गवत मात्र टिकतं. उत्पन्न उघड्या जागेपेक्षा कमी येतं, पण पान मऊ, खोड बारीक, गाई कुट्टीशिवायही संपवतात. तेही 40-45 दिवसांनी कापलंच पाहिजे, फुलोरा आला की गाई तोंड फिरवतात.

कुळागर असेल त्यांनी एक सांभाळा. पावसात पोफळींवर कोळेरोगासाठी (सुपारी कुजण्याच्या रोगासाठी) बोर्डो मिश्रण मारतात. ते खालच्या गवतावर निळं निळं पडतं. तांबं आहे ते. फवारणीच्या आधी खालचं गवत कापून घ्यायचं आणि नंतरची फूट वाढल्यावरच वापरायचं. आमच्याकडे फवारणीवाले येणार असले की आदल्या दिवशी सगळे कोयत्या घेऊन आत.

गिरिपुष्पाचा पाला पहिल्यांदा टाकला की गाई हुंगतात आणि फुरफुरतात. वास उग्र असतो. संध्याकाळी फांद्या तोडून रात्रभर पडवीत पसरायच्या, सकाळी सुकट पाला कुट्टीत मिसळायचा, सुरुवातीला मूठभर. वर थोडं मिठाचं पाणी शिंपडलं तर लवकर सवय होते. पुढे हिरव्यातला पाव हिस्सा इतका देते. जानेवारी-फेब्रुवारीत फुलायच्या आधी पानं गळतात, त्या अगोदरच छाटून सुकवून पोत्यात भरते, मे महिन्यात पेंढ्याला चव येते.

अझोलाचा (पाण्यावर वाढवतात ती नेच्याची वनस्पती) मात्र कंटाळा आला मला. प्रत्येक मेळाव्यात तेच. त्यात नव्वद-पंच्याण्णव टक्के पाणी. दोन किलो अझोला म्हणजे सुका भाग सव्वाशे ग्रॅम, आणि प्रोटीन तीसेक ग्रॅम. शेंगदाणा पेंड शंभर ग्रॅम टाकली तर त्याहून जास्त जातं. कोंबड्यांना ठीक आहे. पाच गाईंना पुरवायला अंगणभर डबकी करणार का?

---

डिचोलीचा_गोठा

काका, गव्हाण बघितली. पैज जिंकलात. टोपलीभर तुकडे, आणि ते दोन महिने मी शेणखड्यात टाकत होतो. सुपरवाल्या कोपऱ्यातले तुकडे तर ऊसच. आजपासून दोऱ्या बांधायला घेतल्यात, आई म्हणते शेताला राखी बांधतोय.

आता दोन प्रश्न. एक, जो जादा पट्टा आडवा करायचा त्याचा मुरघास (हवाबंद आंबवून टिकवलेला हिरवा चारा) का करू नये? मे महिन्याला झाला असता. दुसरा, खालच्या शेताला नदीकडून गवे येतात. अळसांदे आणि मका लावला तर ते आधी जेवणार.

---

मुरघासवाला_धारबांदोडा

मुरघासाचं मी सांगतो, दरवर्षी पिशव्या भरतो. आत्ता ऑगस्टमध्ये करू नका. पावसातल्या नेपिअरमध्ये सुका भाग 18 टक्क्यांच्या आसपास, मुरघासाला 30 तरी पाहिजे. तेवढा आणायला 100 किलोला 20 किलो पेंढा लागतो, म्हणजे तुम्ही पेंढ्याचं लोणचं घालणार. पेंढा नाही घातलात तर पिशवीच्या तळाला काळं पाणी साठतं आणि उघडल्यावर शेजारी विचारतात काय मेलंय.

ऑक्टोबरात पाऊस सरला की करा. 45-50 दिवसांचं नेपिअर सकाळी कापून उन्हात दिवसभर कोमेजू द्यायचं. सुका भाग 25 च्या आसपास येतो, मग 100 किलोला 8 किलो कुट्टी केलेला पेंढा पुरे. कुट्टी इंचापेक्षा बारीक. नेपिअरमध्ये साखर कमी म्हणून 100 किलोला दोन किलो काळा गूळ, अगदी थोड्या पाण्यात. मूठ घट्ट दाबून उघडायची: पाणी ठिबकलं तर ओलं, गोळा लगेच सुटला तर कोरडं, गोळा हळूहळू उमलला तर भरायला घ्या. थर टाकून पायानं तुडवायचं, हवा राहिली की बुरशी. कमीत कमी 45 दिवस उघडायचं नाही. बुरशीचा भाग गाईला द्यायचा नाही, मुकाट्यानं फेकायचा. पिशव्या जमिनीवर ठेवू नका, उंदीर एका रात्रीत भोक पाडतात आणि त्या भोकातून अख्खी पिशवी जाते. मी बांबूच्या मांडवावर ठेवतो आणि आठवड्याला बॅटरी घेऊन बघतो, भोक दिसलं की चिकटपट्टी.

खरं तर मुरघासाला मका राजा. वायंगणाला (पावसाळ्यानंतरच्या पिकाला) पाणी असेल तर आफ्रिकन टॉल, 1000 चौ. मी. ला 7 किलो बी, दाणा दुधाळ झाला की कापायचा. त्याला गूळही लागत नाही. फक्त 2018 पासून ती लष्करी अळी मागे लागलीय, पोंग्यात भुसा दिसला की दुर्लक्ष करू नका.

---

सत्तरीचा_म्हातारा

धारबांदोडेकरांनी बरोबर सांगितलं. गव्यांचं माझ्याकडे औषध नाही, सत्तरीत आम्ही त्यांच्याच शेतात राहतो. सौर कुंपणाबद्दल विभागीय कृषी कार्यालयात विचारा. ते होईपर्यंत मका खाली लावू नका, वर घराजवळच्या दोन पट्ट्यांतले खाडे पडलेले ठोंब काढून तिथं लावा, विहिरीलाही जवळ. खाली अळसांदे लावा. गवे शिरले तर तेही जातील, पण बियाण्याचा खर्च मक्यापेक्षा कमी आणि दोन महिन्यांत कापून मोकळं होतं.

कृषी कार्यालयात जाताच आहात तर मातीचा नमुना घेऊन जा. पाऊस उघडला की काढा. शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही सारखा खड्डा, वीतभर खोल, त्याच्या भिंतीची पातळ चीप घ्यायची. शेणाचा ढीग होता ती जागा, बांध आणि झाडाची सावली सोडून. सगळं घमेल्यात मिसळून सावलीत सुकवा, चार वाटे करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं अर्धा किलो राहीपर्यंत. वरच्या मरडाचा आणि खालच्या शेताचा नमुना वेगळा. खताच्या रिकाम्या पिशवीत भरू नका, नाहीतर युरियाचाच रिपोर्ट येईल.

आणि जुन्या गोव्याच्या आयसीएआर संस्थेत किंवा तिथल्या कृषी विज्ञान केंद्रात नेपिअरच्या कांड्यांची चौकशी करा, फोनवर पुन्हा मागवू नका.

---

डिचोलीचा_गोठा

देव बरें करूं, सगळ्यांना. वैनी, गिरिपुष्पाच्या फांद्या कुंपणाला किती जाड लावायच्या?

---

कुळागरातली_वैनी

मनगटाएवढ्या, पुरुषभर उंच, हातभर अंतरावर. पावसातच लावा, आत्ता लावल्या तरी लागतील. पहिलं वर्ष तोडू नका.